जुन्या ऑफिस-संगणकात बसेल असे परवडणारे ग्राफिक्स कार्ड कोणते?

विक्रोळीकर

नमस्कार.

माझा मुलगा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याच्या अभ्यासासाठी मी लॅमिंग्टन रोडवरून एक सेकंड हँड संगणक घेतला. कार्यालयांतून एकगठ्ठा निघालेले आणि पुसून-साफ करून पुन्हा विकायला ठेवलेले जे संगणक तेथे एकावर एक रचलेले दिसतात, त्यांपैकीच हा एक आहे. आत इंटेलचा आय-५ ६५०० प्रोसेसर, डीडीआर-४ रॅमची ८ जीबीची एकच पट्टी आणि २५६ जीबीची एसएसडी आहे. कॅबिनेट नेहमीच्या उभ्या कॅबिनेटच्या जेमतेम निम्म्या जाडीचे आहे. अभ्यासाचे काम त्यावर उत्तम चालते, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

आता चिरंजीवांना मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचे आहे. प्रोसेसरमधील अंगच्या ग्राफिक्सवर जीटीए ५ इतका अडखळतो की गाडी वळेपर्यंत भिंत आलेली असते. त्याने सुट्टीत लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन ६,००० रुपये साठवले आहेत आणि उरलेले मी घालणार आहे, पण सगळे मिळून १५,००० रुपयांच्या पलीकडे जाण्याची माझी तयारी नाही.

मागच्या शनिवारी तीन दुकाने फिरलो. एकाने जीटीएक्स १६५० सुचवले, दुसऱ्याने आरटीएक्स ३०५० आणि तिसऱ्याने सेकंड हँड आरएक्स ५८०. हे तिसरे तिघांत सर्वांत स्वस्त असून त्यात मेमरी मात्र सर्वांत जास्त, म्हणजे ८ जीबी, हे मला थोडे चमत्कारिक वाटले. मी हिशेबाच्या खात्यात काम करतो, त्यामुळे आकडे वाचण्याची सवय आहे, परंतु या आकड्यांपैकी कोणत्या आकड्याला महत्त्व द्यायचे हेच कळत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सोल्डरिंगवाला

विक्रोळीकर, कार्ड निवडण्याआधी कॅबिनेटचे झाकण उघडा, कारण तुमच्या बाबतीत पर्याय खिशापेक्षा कॅबिनेटच जास्त कमी करणार आहे.

पहिली गोष्ट एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची. त्याच्या अंगावरील लेबलवर एकूण वॅट किती लिहिले आहेत ते वाचा. अशा कमी जाडीच्या ऑफिस-संगणकांत बहुधा १८० किंवा २४० वॅटचा एसएमपीएस असतो आणि ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी ६ किंवा ८ पिनांची केबल त्यातून निघतच नाही. मदरबोर्डवरील ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसते, तो स्लॉट नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला ती केबलने द्यावी लागते, म्हणजे ६ पिनांच्या केबलने आणखी ७५ वॅट किंवा ८ पिनांच्या केबलने १५० वॅट. काही दुकानदार हार्ड डिस्कच्या केबलला जोडायचा अडॅप्टर हातात ठेवतात आणि काम भागेल असे सांगतात. २४० वॅटच्या एसएमपीएसवर तो प्रयोग कृपया करू नका. मी दुरुस्तीच्या टेबलावर वितळलेले असे अडॅप्टर पाहिले आहेत आणि त्यांचा वास दोन दिवस जात नाही.

एसएमपीएस बदलून टाकू, असे मनात येईल. परंतु नावाजलेल्या कंपन्यांच्या अनेक ऑफिस-संगणकांत मदरबोर्डची वीजजोडणी नेहमीच्या २४ पिनांची नसून त्या कंपनीची स्वतःची असते आणि एसएमपीएसचा आकारही वेगळा असतो. त्यामुळे बाजारातील साधा ४५० वॅटचा एसएमपीएस ना आत मावतो, ना जोडता येतो.

दुसरी गोष्ट उंची आणि जाडीची. तुमच्या कॅबिनेटच्या मागील बाजूस असलेल्या उभ्या खाचा मोजा. त्यांची लांबी सुमारे ८ सेंटीमीटर असेल तर तुम्हाला लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचे, कार्डच लागेल, कारण साध्या कार्डाचे ब्रॅकेट, म्हणजे खाचेत बसणारी धातूची पट्टी, साधारण १२ सेंटीमीटरचे असते. लांब स्लॉटच्या शेजारची खाच मोकळी आहे की तेथे एसएमपीएसची भिंत येते, हेही पाहा. पुष्कळ लो-प्रोफाइल कार्डे दोन खाचांची जागा घेतात. शिवाय काही लहान कॅबिनेटच्या संगणकांत त्या स्लॉटला ७५ वॅटपेक्षा कमी मर्यादा घातलेली असते, तेव्हा मॉडेल क्रमांक टाकून कंपनीची पुस्तिका उतरवून घ्या आणि तेवढे एक पान वाचा.

या चाळणीतून खाली पडतात ती कार्डे मोजकीच. जीटीएक्स १६५० हे एप्रिल २०१९ मधील ७५ वॅटचे आणि ४ जीबीचे कार्ड. आरएक्स ६४०० हे जानेवारी २०२२ मधील ५३ वॅटचे, तेही ४ जीबीचे. तिसरे आरटीएक्स ३०५०, मात्र त्याची फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली ६ जीबीची आवृत्ती, जी ७० वॅटमध्ये भागते. जीटीएक्स १०५० टीआयही ७५ वॅटचेच आहे आणि जुन्या बाजारात अजून दिसते, पण त्याच्या पिढीसाठी खेळांना अनुसरून येणारे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, म्हणून ते मी धरलेले नाही.

३०५० या नावाशी जरा जपून. त्याच नावाचे ८ जीबीचे कार्ड जानेवारी २०२२ मध्ये आले होते. त्यात २५६० कोअर (गणिते करणारे छोटे घटक) आणि १२८ बिटची मेमरी-वाहिनी आहे, आणि त्याला १३० वॅट लागतात. ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिटची वाहिनी आहे. म्हणजे फरक केवळ २ जीबीचा नसून चिपच कमी ताकदीची आहे, आणि नाव मात्र तेच ठेवले आहे. ग्राहकाची ही दिशाभूलच आहे असे माझे मत आहे, परंतु तुमच्या कॅबिनेटपुरते बोलायचे तर ही कमी ताकदच पथ्यावर पडते, कारण मोठे भावंड तुमच्याकडे चालूच शकणार नाही.

आरएक्स ६४०० विषयी एक गोष्ट दुकानात कोणी सांगणार नाही. त्याचा कनेक्टर लांबीला पूर्ण दिसला तरी माहितीची देवाणघेवाण फक्त ४ मार्गिकांवरून होते. पीसीआय एक्स्प्रेस म्हणजे कार्डाला प्रोसेसरशी जोडणारी वाट; तिच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्या ४ मार्गिका एका दिशेने सेकंदाला सुमारे ८ जीबी वाहून नेतात, पण तुमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा पीसीआय एक्स्प्रेस देतो, तेथे तीच क्षमता निम्मी होते. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की खेळ संगणकाच्या रॅमकडे धाव घेतो आणि नेमका त्याच क्षणी हा अरुंद रस्ता तुंबतो. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, सरासरी ठीक दिसते, पण खेळ मधूनच गचके देतो. १६५० ला पूर्ण १६ मार्गिका आहेत आणि ३०५० ला ८, त्यामुळे त्यांना हा त्रास बराच कमी होतो.

लेबलवरचे वॅट, खाचांचे माप आणि मॉनिटर कोणता आहे, एवढे येथे लिहा.

परळचा खेळिया

आदरपूर्वक असहमती नोंदवतो. ७५ वॅटच्या कार्डांत पैसे घालणे म्हणजे कमी ताकदीसाठी जास्त किंमत मोजणे होय. मी स्वतः सेकंड हँड आरएक्स ५८० वर दोन वर्षे खेळलो आणि १०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर जीटीए ५ उत्तम चालला. आहे तो संगणक विकून टाकावा, साधे उभे कॅबिनेट आणि चांगला एसएमपीएस घ्यावा आणि मग ५८० किंवा आरएक्स ६६०० लावावे. आज वाचवलेले पैसे उद्या दुप्पट जातात.

सोल्डरिंगवाला

परळकर, आरएक्स ६६०० बद्दल मतभेद नाही. ८ जीबीचे, १३२ वॅटचे ते कार्ड सेकंड हँड आणि योग्य भावात मिळाले तर या किंमतपट्ट्यातील माझी पहिली पसंती तेच असेल. परंतु त्यासाठी कॅबिनेट, मदरबोर्ड आणि एसएमपीएस असे सगळेच नवे लागेल आणि १५,००० रुपयांत ते बसणार नाही. विक्रोळीकरांनी आपली मर्यादा पहिल्याच पत्रात सांगितली आहे, ती ओलांडून दिलेला सल्ला त्यांच्या कामाचा नाही.

५८० स्वस्त का मिळते, या त्यांच्या शंकेचे उत्तर मात्र द्यायला हवे. ते कार्ड एप्रिल २०१७ मधले आहे. पुढील काही वर्षांत इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामासाठी (संगणकाने गणिते सोडवून ते चलन मिळवण्यासाठी) अशी कार्डे दिवसरात्र चालवली गेली, आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलून ग्राफिक्स कार्डांची गरज संपली, तेव्हा ती जुन्या बाजारात लोटली गेली. खाणकामात चिप फारशी झिजत नाही असे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, पण पंख्यांचे बेअरिंग झिजते आणि मेमरी सतत तापत राहिलेली असते. आपल्याकडे त्यात समुद्राची दमट, खारी हवा मिसळते. पावसाळ्यात जेथे कपडे घरातच वाळत घालावे लागतात अशा खोलीतून आलेल्या कार्डाच्या ब्रॅकेटवर आणि पोर्टांच्या कडांवर गंज दिसतो. तो दिसला तर आतील सोल्डरचीही तीच अवस्था असल्याचे मला अनेकदा आढळले आहे. त्यातच बाजारात ‘२०४८ एसपी’ असा शिक्का असलेली ५८० फिरतात, ज्यांत मूळ २३०४ ऐवजी २०४८ च स्ट्रीम प्रोसेसर असतात. आणि या सगळ्यावर १८५ वॅटची भूक. विक्रोळीकरांच्या एसएमपीएसला ती भागवता येणार नाही.

सेकंड हँड घ्यायचेच असेल, मग ते १६५० का असेना, तर दुकानातच जीपीयू-झेड हे छोटे सॉफ्टवेअर चालवून चिपचे नाव तपासा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकलेले कार्ड असेल तर बहुतेक वेळा ते नावापुढे तसे स्पष्ट दाखवते. त्यानंतर कार्डावर पूर्ण ताण देणारे फरमार्क हे सॉफ्टवेअर वीस मिनिटे चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐका. जो दुकानदार वीस मिनिटे थांबायला तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

विक्रोळीकर

सर्वांचे आभार. रविवारी मुलाबरोबर कॅबिनेट उघडले. एसएमपीएसवर २४० वॅट लिहिले आहे आणि जादा केबल एकही नाही. खाचेची उंची मोजपट्टीने ८ सेंटीमीटर भरली आणि शेजारची खाच मोकळी आहे. पुस्तिकेत लांब स्लॉटला ७५ वॅट लिहिलेले आढळले. मॉनिटर जुना, साडेअठरा इंची, १३६६ गुणिले ७६८ चा आहे, आणि त्याला मागे फक्त निळ्या रंगाची व्हीजीए जोडणी आहे.

दादरची ताई

मी खेळते कमी आणि व्हिडिओ संपादन जास्त करते, पण तुमच्यासारख्याच एका संगणकात मागच्या वर्षी कार्ड बसवले, म्हणून लिहिते आहे.

तुमचा मॉनिटर एका दृष्टीने वरदान आहे. १३६६ गुणिले ७६८ म्हणजे सुमारे साडेदहा लाख पिक्सेल, आणि १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाखांहून अधिक. कार्डाला जवळजवळ निम्मेच चित्र रंगवायचे असल्याने ४ जीबीचे कार्डसुद्धा तुमच्याकडे आज निभावून जाईल. अडचण जोडणीची आहे. वर सुचवलेल्या तिन्ही कार्डांपैकी एकातूनही व्हीजीएचा जुना, अॅनालॉग संकेत बाहेर पडत नाही. काही १६५० वर डीव्हीआय दिसते, पण ते फक्त डिजिटल असते, त्यामुळे त्यावर साधा प्लग लावून व्हीजीए मिळत नाही. एचडीएमआयचे व्हीजीएत रूपांतर करणारा, आत छोटी चिप असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागेल. तो काहीशे रुपयांत मिळतो, परंतु कार्ड घेतानाच आठवणीने घ्या. मी विसरले होते आणि नवे कार्ड बसवून काळ्या पडद्याकडे पाहत बसले होते.

रॅमकडेही लक्ष द्या. ८ जीबीच्या एकाच पट्टीमुळे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातील दोनपैकी एकच वाहिनी वापरली जाते. तेवढीच दुसरी पट्टी लावली की क्षमता १६ जीबी होते आणि दुसरी वाहिनीही सुरू होते. व्हॅलोरंटसारखा खेळ ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर अधिक अवलंबून असतो, म्हणून तेथे या पट्टीचा उपयोग महागड्या कार्डाइतकाच जाणवू शकतो. तुमच्या आय-५ मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत, त्यामुळे फार जोरकस कार्ड घेतले तरी प्रोसेसर त्याला कामच पुरवू शकणार नाही.

व्हॅलोरंटची आणखी एक अट आहे. विंडोज ११ वर तो खेळ टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षा-चिप) आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) सुरू असल्याशिवाय चालू होत नाही. सहाव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि दुकानदारांनी आडमार्गाने विंडोज ११ घालून दिलेल्या अशा अनेक संगणकांत टीपीएम १.२ असते. तेव्हा कोणतेही कार्ड घेण्यापूर्वी खेळ आहे त्या संगणकावर, कसाही अडखळत का होईना, सुरू होतो का ते पाहा. काही मॉडेलांत कंपनीच्या फर्मवेअरने, म्हणजे चिपमध्येच घालायच्या सॉफ्टवेअरने, टीपीएम २.० करता येते. विंडोज १० वर ही अट तितकी कडक नाही, पण तिचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे लक्षात असू द्या.

कार्डाविषयी माझे मत असे आहे की सेकंड हँड १६५० तपासून आणि अगदी स्वस्तात मिळाले तर घ्यावे आणि राहिलेल्या पैशांत रॅम घ्यावी, किंवा मग थोडे थांबून ६ जीबीचे नवे ३०५० घ्यावे. ४ जीबीचे नवे कार्ड आज पूर्ण किमतीला घेऊ नये. मॉनिटर कधीतरी बदलेलच आणि मग ती मेमरी अपुरी पडेल. शिवाय ३०५० ला डीएलएसएस, म्हणजे खेळ लहान चित्रात रंगवून ते हुशारीने मोठे करण्याची सोय, मिळते, जे १६५० ला मिळत नाही. 

विक्रोळीकर

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, क्षमस्व.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी व्हॅलोरंट सुरू करून पाहिला आणि तो खरोखरच टीपीएमच्या चुकीचा संदेश दाखवून बंद पडला. आमच्या मॉडेलसाठी कंपनीच्या संकेतस्थळावर फर्मवेअर उपलब्ध होते. ते घालून टीपीएम २.० झाले, सिक्युअर बूट सुरू केले, आणि कार्ड नसतानाही व्हॅलोरंट अगदी कमी दर्जाच्या चित्रावर चालू लागला. मुलाचे म्हणणे पडले की आता कार्ड फक्त जीटीएसाठी हवे आहे. हिशेबाच्या दृष्टीने हा खर्च पुढे ढकलण्याजोगा होता हे मला तेव्हाच कळले होते, पण त्याचे ६,००० रुपये डब्यात होते आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मी बोललो नाही.

शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. प्रथम एका दुकानात सेकंड हँड १६५० पाहिले, ब्रॅकेटवर गंज होता. दुसऱ्या ठिकाणी वीस मिनिटांच्या चाचणीचे नाव काढताच दुकानदाराने कार्ड परत पेटीत ठेवले. लो-प्रोफाइल ३०५० ची किंमत दोन दुकानांत १,४०० रुपयांनी वेगळी सांगितली गेली. कमी किमतीचे दुकान बिल हवे असल्यास १८ टक्के जीएसटी वेगळा पडेल असे म्हणाले आणि तो धरल्यावर तेच महाग झाले. शेवटी दुसऱ्याकडून घेतले, बिलावर अनुक्रमांक लिहून घेतला आणि तो कार्डावरच्या स्टिकरशी ताडून पाहिला. माझी मर्यादा २,१०० रुपयांनी ओलांडली गेली, म्हणून रॅमची पट्टी पुढच्या महिन्यावर गेली आहे.

कार्डाला लांब ब्रॅकेट लावलेले होते, छोटे ब्रॅकेट पेटीत सुटे होते. ते बदलण्यासाठी पाच स्क्रू काढावे लागले आणि त्यातील एक पंख्याच्या फटीत पडला. तो काढण्यात अर्धा तास गेला. कन्व्हर्टर आठवणीने घेतला होता. जीटीए ५ आता चित्राच्या वरच्या दर्जावर विनाअडथळा चालतो. व्हॅलोरंट सेकंदाला १०० हून अधिक फ्रेम दाखवतो, आणि मॉनिटर ६० हर्ट्झचाच असल्याने उरलेल्या फ्रेम डोळ्यांना दिसत नाहीत हे मी मुलाला समजावले, पण कोपऱ्यातला तो आकडा पाहण्यातच त्याला आनंद आहे.

एक शंका उरली आहे. बराच वेळ खेळल्यावर कार्डाचे तापमान ७८ अंशांपर्यंत जाते. हे चालेल का?

सोल्डरिंगवाला

चालेल. इतक्या लहान कॅबिनेटमध्ये आणि मुंबईच्या हवेत ७८ अंश काळजीचे नाहीत. संगणक टेबलाखालच्या बंद कप्प्यात ठेवला असेल तर मात्र बाहेर काढा आणि झाकणाच्या जाळीसमोर चार बोटे जागा सोडा. दर दोन महिन्यांनी जाळीवरची धूळ ब्रशने काढत जा, आणि ती काढताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, तो फिरू देऊ नका.

रॅमची पट्टी घ्यायला जाताना जुनी पट्टी बरोबर न्या, म्हणजे तिच्यावरील वेगाचा आकडा जुळवून घेता येईल. आणि ते लांब ब्रॅकेट पेटीतच जपून ठेवा. पुढे मोठे कॅबिनेट घेतलेत की हेच कार्ड त्यात बसवायला ते लागेल, आणि सुटे ब्रॅकेट बाजारात शोधणे फार जिकिरीचे असते.